मृदू भिंगाची कठोर शिस्त

भिंग बनविणाऱ्या कंपन्यांची सारी धडपड एकाच गोष्टीसाठी चाललेली असते : प्रतिमा अधिकाधिक रेखीव यावी. काचेचे नवनवे प्रकार, पृष्ठभागावरील लेपांचे थर, संगणकावर केलेली गणिते, हे सर्व त्यासाठीच. अशा या जगात एक भिंग मात्र हेतुपुरस्सर सदोष ठेवले जाते आणि जाणकार छायाचित्रकार त्यासाठी चांगली किंमतही मोजतात. ‘सॉफ्ट फोकस’ या नावाने ते ओळखले जाते. त्याचे स्वतंत्र भिंग हाती नसले, तरी त्याच्या परिणामाची ओळख आपल्याकडे जुनी आहे. लहान गावांतील स्टुडिओत फिल्टरच्या कडेला व्हॅसलीनचे बोट फिरवून किंवा भिंगावर बायकी मोज्याची जाळी ताणून नवरा-नवरीचे फोटो काढले जात. चेहऱ्याभोवती चांदणे पसरल्यासारखे दिसे आणि गिऱ्हाईक खूश होई.

हे चांदणे नेमके येते कुठून, हे पाहण्यासारखे आहे. साध्या बहिर्गोल भिंगाच्या मध्यभागातून जाणारे किरण एका ठिकाणी एकत्र येतात, तर कडेच्या भागातून जाणारे किरण त्याच्या थोडे अलीकडे. या दोषाला ‘गोलीय विपथन’ म्हणतात. उत्तम भिंगात तो जवळजवळ नाहीसा केलेला असतो. सॉफ्ट फोकस भिंगात तो मोजूनमापून शिल्लक ठेवतात. परिणामी एकाच चौकटीत दोन प्रतिमा एकमेकींवर बसतात. मध्यातल्या किरणांची प्रतिमा रेखीव असते, कडेच्या किरणांची पसरट. डोळ्यांची पापणी, ओठांची कड शाबूत राहते आणि तिच्याभोवती प्रकाशाची प्रभावळ उमटते.

येथेच पुष्कळांची गल्लत होते. फोकस चुकलेला फोटो आणि सॉफ्ट फोकसचा फोटो या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात रेखीव गाभाच नसतो. मोबाइलमधील चेहरा गुळगुळीत करणारी सोयही वेगळी. ती त्वचेवरील छिद्रे आणि सुरकुत्या पुसून टाकते. मृदू भिंग काहीही पुसत नाही, फक्त सुरकुतीतील काळोखात थोडा उजेड सांडते. साठ वर्षांची बाई त्यात साठ वर्षांचीच दिसते.

या तंत्राला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्राला चित्रकलेच्या बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून युरोपात ‘पिक्टोरिअल’ चळवळ उभी राहिली. मुंबईचे शापूर भेदवार हे पारशी छायाचित्रकार १८९० च्या दशकात या वर्तुळात नावाजले गेले होते. या चळवळीतील ऑस्ट्रियन छायाचित्रकार हाइन्रिश क्यून याने पुढे भिंगतज्ज्ञ फ्रान्झ श्टेबले याच्या साहाय्याने जे भिंग घडविले, ते जर्मनीच्या रोडेनश्टॉक कंपनीने ‘इमागॉन’ या नावाने विकले. त्याच्यासोबत चाळणीसारख्या चकत्या मिळत. मध्यभागी मोठे भोक, भोवती लहान भोके. मधल्या भोकातून गाभा मिळतो, कडेच्या भोकांतून प्रभावळ. भोवतालची भोके कमीअधिक उघडली की मृदूपणा कमीअधिक होतो. कल्पना इतकी सोपी आणि पक्की, की मामिया आरबी ६७ या १९७० साली आलेल्या कॅमेऱ्यासाठी बनविलेल्या १५० मिलिमीटर एफ ४ च्या मृदू भिंगातही अशाच चकत्या वापरल्या गेल्या.

मिडियम फॉरमॅट हे या भिंगाचे हक्काचे घर. १२० क्रमांकाच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरची म्हणून जी निगेटिव्ह मिळते, ती प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर लांब-रुंद असते. तिचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. लहान निगेटिव्ह मोठी करताना फिल्मचा दाणा वर येतो, प्रभावळीची तलम छटा त्यात गढूळ होते आणि रेखीव गाभाही क्षीण पडतो. मोठ्या निगेटिव्हवर दाणा मागे राहतो, आणि छटा एकीतून दुसरीत अलगद उतरते.

पेंटॅक्स ६७ चे १२० मिलिमीटर एफ ३.५ हे भिंग वापरायला अधिक सुटसुटीत. त्यात चकत्या नाहीत. एफ ३.५ वर परिणाम सर्वाधिक, एफ ५.६ वर किंचित आणि एफ ८ च्या पुढे ते जवळजवळ साध्या भिंगासारखे वागते. हॅसलब्लाडवाले झाइसच्या ‘सॉफ्टार’ चकत्या लावतात. पारदर्शक चकतीवर विखुरलेले सूक्ष्म उंचवटे थोडा प्रकाश इकडेतिकडे वळवतात, त्यामुळे छिद्र लहान-मोठे केले तरी परिणाम फारसा बदलत नाही. आपल्याकडच्या स्टुडिओंत ज्याने अनेक वर्षे साथ दिली, त्या यशिका-मॅटसारख्या दुभिंगी कॅमेऱ्याची अडचण निराळी. भिंग बदलता येत नाही, शिवाय पाहण्याचे भिंग वेगळे आणि फोटो घेण्याचे वेगळे. खालच्या भिंगावर मृदू फिल्टर लावला तरी वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. तो आधी वरच्या भिंगावर लावून परिणाम पाहावा, मग खाली लावावा.

आता हे भिंग घेऊन नंदुरबार जिल्ह्यात जाऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा छायाचित्रकारांना नेहमीच खुणावतो, आणि मृदू भिंग कोठे चालते व कोठे हरते, याचे धडे येथे एकाच मुलखात मिळतात.

पहिला मोह तोरणमाळचा. अकराशे मीटरहून अधिक उंचीवरचे हे ठिकाण, पावसाळ्यात यशवंत तलावावर उतरणारे धुके, सीताखाईची दरी. मृदू भिंगासाठी याहून योग्य जागा कोणती, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात येथे ते कुचकामी ठरते. प्रभावळ ही नेहमी उजळ भागातून गडद भागात सांडते. धुक्यात ना लखलखीत उजेड, ना खोल सावली. जे सांडायचे तेच नसले, तर उरतो तो निव्वळ मळकटपणा. धुके टिपायला रेखीव भिंगच हवे.

याउलट सारंगखेड्याची यात्रा. शहादा तालुक्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. मार्गशीर्षातील सकाळ, तिरपा प्रकाश, टापांनी उडालेली धूळ आणि उजेडाकडे पाठ करून उभा असलेला पांढरा घोडा. त्याच्या आयाळीची आणि पाठीची कड चमकते, मागे सावलीतला मांडव गडद असतो. मृदू भिंगाला जे लागते ते सर्व येथे हजर आहे. घोडा मात्र स्थिर राहत नाही, आणि आरबी ६७ च्या वरून पाहण्याच्या काचेवर प्रतिमा डावी-उजवी उलटी दिसते. घोडा उजवीकडे निघाला की नवशिक्याचा कॅमेरा हमखास डावीकडे वळतो. हे जड यंत्र तिवईवर ठेवावे, मालकाला विनंती करून घोडा एका जागी उभा करावा आणि मगच कामाला लागावे.

दिवस वर आला की हिशेबाचा प्रश्न येतो. भर उन्हात १०० संवेदनशीलतेच्या फिल्मला एफ १६ वर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. मृदूपणासाठी छिद्र एफ ४ वर उघडले की चार टप्पे प्रकाश वाढतो आणि १/१६०० वेग लागतो. आरबी ६७ चा सर्वाधिक वेग आहे १/४००. म्हणजे दोन टप्पे प्रकाश अडविणारा राखाडी फिल्टर हवाच. तो घरी राहिला, तर छिद्र लहान करावे लागते आणि ज्यासाठी एवढे ओझे वाहिले तो परिणामच नाहीसा होतो.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवरही हे भिंग फसते. लाल मिरच्यांनी झाकलेले शिवार डोळ्यांना भुरळ घालते खरे, पण त्या दृश्याचे सारे बळ हजारो बारीक आकारांत आणि गडद रंगात आहे. मृदू भिंग नेमके हेच दोन्ही कमी करते. काठीच्या होळीचे गणित अधिक गुंतागुंतीचे. अक्कलकुवा तालुक्यातील ही राजवाडी होळी रात्रभर नाचून पहाटे पेटविली जाते. नवस फेडणारे बुध्या अंगावर पांढरे ठिपके रंगवून, कमरेला भोपळे बांधून, मोरपिसांचे टोप घालून नाचतात. सावळ्या अंगावरचा प्रत्येक पांढरा ठिपका मृदू भिंगात स्वतःची लहानशी प्रभावळ घेऊन येतो, हे दृश्य विलक्षण असते. मोरपिसे मात्र विरघळतात आणि ज्वाळा चौकटीत आल्या की त्यांचा उजेड साऱ्या प्रतिमेवर पसरून काळोखाचे पाणी होते. ज्वाळा चौकटीबाहेर ठेवून तिचा केवळ उजेड चेहऱ्यावर घ्यावा.

स्टुडिओतही हेच सूत्र. प्रभावळ सावल्या भरून काढते, म्हणून चेहऱ्याच्या उजळ आणि गडद बाजूंतला फरक नेहमीपेक्षा अधिक ठेवावा. एरवी एकास दोन प्रमाण चालत असेल, तर येथे एकास तीन किंवा चार. फोकस करताना डोळ्यातील चमकणारा ठिपका पाहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या छिद्रावर फोटो घ्यायचा त्याच छिद्रावर फोकस करावा. कडेचे किरण बंद झाले की फोकसची जागा सरकते. पूर्ण उघड्या छिद्रावर साधलेला फोकस एफ ५.६ वर तोच राहील, याची हमी नाही. अपयशाचे खापर भिंगावर फुटते ते बहुधा येथेच.

रेखीव फोटो घेऊन मृदूपणा नंतर का आणू नये, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जुन्या अंधाऱ्या खोलीत त्याचे उत्तर चटकन मिळे. एन्लार्जरच्या भिंगाखाली जाळी धरली, तर निगेटिव्हमधून येणारा प्रकाश पसरतो, आणि निगेटिव्हमध्ये उजळ असतो तो मूळ दृश्यातला काळा भाग. मग उजेड सावलीत सांडण्याऐवजी काळे केस कपाळावर सांडतात. संगणकावर ही उलटापालट होत नाही, पण जेथे उजेड आधीच पूर्ण पांढरा नोंदला गेला, तेथे त्याची खरी तीव्रता हरवलेली असते. भिंग मात्र नोंद होण्यापूर्वीच, प्रकाशाच्या मूळ तीव्रतेनिशी काम करते.

तंत्र येथवर. यापुढचा प्रश्न तंत्राचा नाही. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा स्त्री-पुरुषांची छायाचित्रे प्रदर्शनांत वारंवार दिसतात. चांदीचे जड दागिने, काळेभोर डोळे, मागून येणारा उजेड. मृदू भिंगाला याहून अनुकूल विषय सापडणार नाही, आणि म्हणूनच येथे जपून पाऊल टाकायला हवे. हे भिंग ज्याला स्पर्श करते ते काळाच्या बाहेर नेते. एडवर्ड कर्टिस याने १९०७ ते १९३० या काळात उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर वीस खंड प्रसिद्ध केले. तंबूत बसलेल्या दोघांच्या त्यातील एका छायाचित्रातून त्यांच्यामध्ये ठेवलेले घड्याळ पुसून टाकण्यात आले, कारण घड्याळ असलेला मूळ रहिवासी त्याच्या चौकटीत बसत नव्हता. त्याला निगेटिव्हवर हात चालवावा लागला. मृदू भिंग तेच काम अधिक सभ्यपणे करते. मनगटावरचे घड्याळ, भिंतीवरची वायर, प्लॅस्टिकची घागर उजेडात विरून जाते.

अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या पाण्याने बाधित झाली, मणिबेली त्यांत पहिले. त्या काठावरच्या माणसाचे चित्र मृदू भिंगातून घेतले, तर पाण्याखाली गेलेले शिवार रम्य जलाशय होते आणि विस्थापित माणूस निसर्गाचे लेकरू. माझ्या मते तेथे हे भिंग पिशवीतून बाहेरच काढू नये.

परंतु याची दुसरी बाजूही खरी आहे. सुरकुत्या आणि भेगा अधोरेखित करणारे करकरीत भिंग म्हणजे सत्य, असाही एक शहरी समज आहे. तो आपल्या घरच्या लग्नाच्या अल्बमला आपण लावत नाही. पुण्या-मुंबईची नवरी मृदू प्रकाशात दिसावी आणि धडगावच्या नवरीने मात्र दारिद्र्याचा पुरावा म्हणून उभे राहावे, हा न्याय कोणता? तिला स्वतःचे चित्र कसे हवे, हे तिला विचारता येते. आरबी ६७ वर एका रोलमध्ये दहाच फोटो मिळतात. त्यांतले पाच साध्या भिंगाने, पाच मृदू भिंगाने घ्यावेत. दोन्ही प्रती छापून पुढच्या खेपेला तिच्या हाती द्याव्यात आणि यांतली कोणती इतरांना दाखवू, हे तिच्याकडूनच ऐकावे.