लुतभरे म्हणून हाकलण्याआधी

मराठीत एखाद्याला टाकून बोलायचे असले म्हणजे 'लुतभरा कुत्रा' म्हणतात. शिवी देणाऱ्याने कुत्रा पाहिलेला असतो, लूतही पाहिलेली असते. पण लूत म्हणजे नेमके काय, ती कशाने होते, बरी होते की नाही, हे विचारले तर बहुतेक जण मान हलवून गप्प बसतील. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही त्यांतलेच एक होतो. आम्हाला शिकवले ते आमच्या घरच्या शेरूने.

शेरू काही जातिवंत कुत्रा नव्हे. सोलापूरच्या आमच्या गल्लीतच जन्मला, एका पावसाळ्यात भिजत आमच्या पायरीवर येऊन बसला आणि घरचा झाला. धाकट्या नातीचा तर तो जीव की प्राण. दिवाळी आटोपली आणि त्याच्या कानांच्या कडा खरबरीत दिसू लागल्या. मग कोपरांवरचे केस गेले, मग पोटाखालचे. रात्रभर खाजवायचा. खाजवताना त्याचा पाय पत्र्याच्या दारावर आपटायचा आणि साऱ्या घराची झोप मोडायची.

अशा वेळी सल्ल्यांना काय तोटा! शेजारच्या अक्का म्हणाल्या, "नजर लागली असंल ओ, मीठ-मिरची ओवाळून टाका." नजरेवर आमचा विश्वास नाही, म्हणून ते केले नाही. पण गल्लीतले एक रिक्षावाले म्हणाले, "गॅरेजमधलं जळकं ऑईल लावा काका, आठ दिवसांत साफ होतंय बघा की," तेव्हा मात्र आम्ही मान डोलावली. मीठ-मिरची अडाणीपणाची आणि जळके ऑईल शास्त्रीय, असे आम्ही कोणत्या हिशेबाने ठरवले देव जाणे! कुत्रा अंग चाटतो. ते ऑईल त्याच्या पोटात गेले. उलट्या झाल्या, हगवण लागली, दोन दिवस भाकरीच्या तुकड्याला त्याने तोंड लावले नाही. इंजिनातून काढलेल्या तेलात धातूंचे कण आणि जळक्या इंधनाचा घातक अंश असतो. ते कातडीतूनही अंगात भिनते, चाटल्याने पोटातही जाते. सोलापूरच्या उन्हात तेल चोपडलेली कातडी भाजून निघते ती वेगळीच. आजही हा उपाय गावोगाव सर्रास चालतो, म्हणून आमची चूक आम्ही येथे उघड सांगत आहोत.

दुसरी चूक त्याहून सुशिक्षित होती. कुणीतरी ओळखीच्या माणसाकडून शेरूला एक इंजेक्शन देवविले. खाज दोन दिवसांत थांबली, आम्ही खूश. पंधरवड्यात ती दुपटीने परत आली. ते इंजेक्शन स्टेरॉईडचे असावे, हे पुढे कळले. स्टेरॉईडने खाज दबते, कारण तसेच राहते. शिवाय अंगाची प्रतिकारशक्ती खाली आल्यामुळे किडा आणि बुरशी यांना रान मोकळे मिळते.

आणि मग नातीच्या हातांवर, पोटावर लाल पुरळ उठले. शेरूला ती जेथे कवटाळून धरायची, बरोबर तेथेच. घरात एकच गदारोळ झाला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. उद्या त्याला लांब माळावर सोडून येतो." नात रडून रडून बेजार. आम्ही मुलाकडून फक्त चार दिवस मागून घेतले. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून येणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मुलाला तेही ऐकवले असते.

दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून शेरूला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. तेथे गाई-म्हशी आणि शेळ्यांची गर्दी. कुत्रा आमचा एकट्याचाच. तरुण डॉक्टरबाईंनी शेरूला हात लावण्याआधी आम्हालाच प्रश्नांच्या फैरीत धरले. आधी खाज सुटली की आधी केस गेले? सुरुवात कोठून झाली? वय किती? खायला काय देता? घरात आणखी कुणाला खाजते का? या शेवटच्या प्रश्नावर आम्ही नातीचे पुरळ सांगितले, तशा त्या जरा थांबल्या. मग त्यांनी शेरूच्या कानाची कड दोन बोटांत धरून चोळली. आश्चर्य म्हणजे त्याचा मागचा पाय हवेतच खाजवू लागला! बाई म्हणाल्या, "हे लक्षण खरजेच्या किड्याचं असू शकतं. आता खरवडून बघू."

बोथट पात्यावर तेलाचा थेंब घेऊन त्यांनी कानाच्या कडेची आणि कोपराची खपली खरवडली, काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तीन काचा पाहिल्या. किडा सापडला नाही. आमचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "काका, हा किडा पुष्कळदा सापडतच नाही. अंगावर थोडेच असतात आणि खाज मात्र सगळ्या अंगाला. सापडला तर नक्की. नाही सापडला म्हणजे नाहीच, असं नसतं." कानाची कड, पायाची झटक आणि नातीचे पुरळ, या तीन साक्षींवर त्यांनी खरजेचे औषध सुरू केले.

हा किडा म्हणजे साध्या डोळ्यांना जेमतेम टिंबाएवढा दिसेल न दिसेल असा आठ पायांचा जीव. मादी कातडीत बोगदा पोखरते आणि त्यात अंडी घालते. अंड्यातून निघून पुन्हा अंडी घालण्याइतके मोठे होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून औषध एकदा देऊन भागत नाही. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पुरे करावेच लागतात. कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर चढतो, चावतो, पुरळ उठवतो, पण तेथे त्याची पिढी वाढत नाही. कुत्रा बरा झाला की माणसाचे पुरळ काही आठवड्यांत आपोआप मावळते. माणसामाणसांत पसरणारी खरूज ही निराळी. तिला डॉक्टरकडेच जायला हवे आणि घरातल्या सर्वांनी एकदम औषध लावायला हवे.

हे टिंबाएवढे कारण शोधायला माणसाला फार काळ लागला, हेही सांगण्यासारखे आहे. खरूज रक्तदोषाने होते असे युरोपातले मोठमोठे वैद्य शतकानुशतके मानत होते. 1687 साली इटलीतल्या बोनोमो या वैद्याने आणि चेस्तोनी या औषधविक्याने किडा पाहून, त्याचे चित्र काढून लिहून ठेवले. तरी मोठ्यांनी ऐकले नाही. पुढे 1834 साली रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या इस्पितळात सगळ्यांदेखत रुग्णाच्या कातडीतून सुईने किडा काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. ही युक्ती तो शिकला होता आपल्या कॉर्सिका बेटावरच्या खेडवळ बायकांकडून! त्या आपल्या पोरांच्या हातांतले किडे सुईने काढीत. पंडितांना जे दिसले नाही ते आयाबायांना दिसत होते.

मात्र वाचकांनी असे समजू नये की केस गेले म्हणजे खरूजच. डॉक्टरबाईंनी आम्हाला तासभर बसवून जे समजावले, त्याचा गोषवारा देतो. लूत म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो, त्यात निदान दोन निरनिराळे किडे आहेत. दुसरा किडा केसांच्या मुळाशी राहतो, आकाराने विडीसारखा लांबट. तो थोड्या संख्येने धडधाकट कुत्र्याच्या अंगावरही असतो; पिलाला जन्मल्यापासून दोन-तीन दिवसांत आईच्या अंगावरून मिळतो. पिलाची प्रतिकारशक्ती कमी पडली की तो बेसुमार वाढतो आणि डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर टक्कल पडते. याला सुरुवातीला खाज फारशी नसते आणि तो माणसाला लागत नाही. वर्षाच्या आतल्या पिलाला एक-दोन चट्टे असतील तर बहुतेक वेळा ते आपोआप भरून येतात. अंगभर पसरला तर मात्र महिनोन्महिने औषध द्यावे लागते, आणि अशा कुत्रीची पिले घेऊ नयेत. येथे स्टेरॉईडचे इंजेक्शन म्हणजे आगीत तेल. आम्ही ते दिलेच होते. शेरूला हा दुसरा किडा नव्हता हे त्याचे नशीब.

गोल चट्टा, कडेला कोंडा आणि तुटके केस असे दिसले तर नायट्याचा संशय घ्यावा. ही बुरशी, माणसाला, विशेषतः मुलांना, खुशाल लागते. जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली काही बुरश्या हिरव्या चमकतात, सगळ्या नाहीत. म्हणून केस तपासायला पाठवावे लागतात आणि बुरशी वाढवून पाहायची तर उत्तर यायला दोन-तीन आठवडेही जातात. कंबर आणि शेपटीच्या मुळाशीच खाजवत असेल तर पिसवा. त्याची एक घरगुती परीक्षा आहे. बारीक फणीने केस विंचरून निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या टॉवेलवर टाकावा (टॉवेलला सोलापुरात काय तोटा!). कचऱ्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पिसवा अंगावर दिसतात त्या थोड्या. त्यांची अंडी, अळ्या आणि कोश सगळे अंथरुणात, फटींत असतात. त्यामुळे कुत्र्याला औषध लावले आणि पोते तेच ठेवले, तर महिनाभरात पहिले पाढे पंचावन्न.

खाज अजिबात नाही, केस मात्र दोन्ही कुशींवर सारखेच विरळ होत चालले आहेत, कुत्रा सुस्तावला आहे, कमी खाऊनही जाडावतो आहे, शेपटी उंदरासारखी उघडी पडली आहे, असे मध्यम वयात दिसले तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंदावली असण्याचा संभव. याचे उत्तर रक्ताच्या तपासणीत मिळते, साबणात नव्हे. पंजे चाटून चाटून तांबडे होणे, कान वारंवार सुजणे, हे पुष्कळदा ॲलर्जीचे. तेथे आठ आठवडे एकच ठरावीक आहार देऊन पाहावे लागते आणि मध्ये कुणी बिस्किटाचा तुकडा टाकला की सारे मुसळ केरात. आमच्यासारख्या नातवंडांच्या घरात हे किती कठीण, ते वेगळे सांगायला नको.

आहाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. केस जवळजवळ सगळा प्रथिनांचा असतो. नुसती ज्वारीची भाकरी आणि पाणी घातलेले दूध यांवर कुत्रा जगतो, पण केस जगत नाहीत. आठवड्यातून काही वेळा उकडलेले अंडे, बाजारातून आणलेल्या मटणाचे उरलेसुरले बिनमसाल्याचे तुकडे, एवढे जमले तरी फरक पडतो. आमच्या घरची शेंगाचटणी त्याला फार प्रिय होती; ती बंद केली.

औषधाबद्दल एक सावधगिरीची सूचना. खरजेवर आयव्हरमेक्टिन हे नावाजलेले औषध. जपानच्या मातीतील एका सूक्ष्म जीवापासून ते निघाले आणि त्यासाठी ओमुरा व कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना 2015 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण गाईबैलांसाठीची बाटली आणून अंदाजाने कुत्र्याला टोचणे म्हणजे जिवाशी खेळ. कोली जातीच्या आणि तिच्या संकराच्या काही कुत्र्यांच्या मेंदूत हे औषध शिरते आणि कुत्रे बेशुद्ध होऊन दगावते. अलीकडे चघळायच्या गोळ्याही आल्या आहेत. गोचीड, पिसवा आणि खरूज तिन्हींवर चालतात, पण ज्या कुत्र्याला फिट येते त्याच्या बाबतीत डॉक्टरांना आधी सांगावे. औषधी साबणाने अंघोळ सांगितली असेल तर फेस दहा मिनिटे अंगावर राहू द्यायचा असतो. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही; म्हणून पाणी येण्याचा दिवस हाच शेरूच्या अंघोळीचा दिवस ठरला. अवघड गुंता असेल तर शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला 1886 पासूनचे जुने महाविद्यालय आहे. पण बहुतेकांचे काम जवळच्या दवाखान्यातच होते. जाताना मात्र एका कागदावर तारखा लिहून न्याव्यात: खाज कधी, केस कधी, काय लावले, कुणी टोचले. आम्ही लाजत लाजत जळक्या ऑईलचेही लिहिले होते. त्याचा उपयोग झाला.

शेरूची खाज दहाव्या-बाराव्या दिवशी उतरू लागली. नातीचे पुरळ महिन्याच्या आत गेले. मुलाने माळाचा विषय पुन्हा काढला नाही. पण एक अडचण उभी राहिली. डॉक्टरबाईंनी बजावले होते की शेरू ज्यांच्याबरोबर खेळतो त्या सगळ्या कुत्र्यांना औषध हवे, नाहीतर खरूज फिरून येईल. शेरूचा सोबती म्हणजे समोरच्या अण्णांचा टायगर. अण्णांना सांगितले तर ते उखडले. "आमच्या कुत्र्याला लूत? तुमच्या घरची ब्याद आमच्या दारात कशाला ढकलताय?" शिवीचा गुण असा की ती रोगालाही अब्रूचा प्रश्न करून टाकते. आम्ही वाद घातला नाही. शेरूला दोन महिने साखळीवर ठेवले.

संक्रांतीनंतर एके सकाळी अण्णा दारात उभे. लुंगी सावरत, इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुमच्या त्या डॉक्टरबाई किती वाजेपर्यंत असतात?" टायगरच्या कानाची कड आम्ही दोन बोटांत धरून चोळली. त्याचा मागचा पाय उचलला गेला. रिक्षा अण्णांनीच बोलावली, आणि शेरूच्या तारखांचा कागद आम्ही बरोबर घेतला.