प्रतिमुद्रण-निर्बंध, दूरचित्रवाणीवरील
दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरी मुद्रित केल्यावर त्याच्या आणखी प्रती काढण्यावर घातलेली तांत्रिक बंधने. प्रतींविषयीची आज्ञा कार्यक्रमाच्या अंकीय संकेतांबरोबरच प्रक्षेपित होते व मुद्रणयंत्र ती पाळते.

जपानमध्ये ही बंधने विशेष जाचक ठरली. तेथे एप्रिल २००४ पासून अंकीय प्रक्षेपणाला ‘एकदाच प्रत’ हा नियम सरसकट लागू झाला. सार्वजनिक प्रक्षेपणसंस्था एनएचके हीदेखील त्याला अपवाद नव्हती. यंत्रातील हार्ड डिस्कवरचे मुद्रण हीच ती एकमेव प्रत मानली जाई. ते डीव्हीडीवर घेतले, की मूळ मुद्रण पुसले जाई आणि हे स्थलांतर मध्येच फसल्यास कार्यक्रम कायमचा गमावण्याची भीती असे. शिवाय डीव्हीडीवर तो सामान्यतः मूळच्या उच्च विभेदनाने उतरत नसे. वस्तुतः चोरट्या प्रती विकणाऱ्यांपेक्षा घरगुती प्रेक्षकालाच याचा उपद्रव अधिक झाला. बऱ्याच तक्रारींनंतर ४ जुलै २००८ पासून ‘डबिंग १०’ हा सौम्य नियम आला : नऊ प्रती व दहाव्या वेळी स्थलांतर. तथापि प्रतीवरून प्रत काढण्यास त्यातही मुभा नाही. मुद्रण त्या विशिष्ट यंत्रापुरतेच कूटबद्ध केलेले असल्यामुळे यंत्र निकामी झाल्यास, डिस्क शाबूत असूनही, कार्यक्रम दुसऱ्या यंत्रावर पाहता येत नाही.