जाब विचारण्याची जागा

सर्वसाधारण सभेच्या दिवशी कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेच्या आवारात सकाळपासून बाराही तालुक्यांच्या गाड्या लागू लागतात. चंदगडचा सदस्य भल्या पहाटे निघालेला असतो, करवीरचा न्याहारी करून निवांत येतो. राजर्षी शाहू सभागृहात आधी मागच्या सभेचे इतिवृत्त कायम होते, मग विषयपत्रिकेवरचे विषय, शेवटी आयत्या वेळचे. खरी सभा मात्र पहिल्याच विषयाला पेटते. मागच्या खेपेला विचारलेल्या प्रश्नाचे काय झाले? अनुपालन अहवालात 'कार्यवाही सुरू आहे' एवढेच का? आरोग्य केंद्रातली डॉक्टरची जागा रिकामी, वळवाच्या वाऱ्यात शाळेचे पत्रे उडाले, नळपाणी योजनेची मोटार जळाली. एकेका प्रश्नावर खातेप्रमुखाला उभे राहून उत्तर द्यावे लागते. उत्तर पटले नाही तर शेजारच्या तालुक्याचा सदस्य उठतो, पक्ष वेगळा असला तरी. खेड्यातल्या माणसाच्या वतीने जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला समोरासमोर जाब विचारायची, आणि ती विचारणा कागदावर चढवायची, याहून मोठी जागा जिल्ह्यात दुसरी नाही.

ही जागा मोठ्या विचाराने तयार केलेली आहे. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये पंचायत राज्याचा आराखडा मांडला, तेव्हा देशभर भर तालुक्याच्या पातळीवर होता. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या समितीने 1961 मध्ये 226 शिफारशी केल्या आणि जिल्हा हा कणा मानला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. त्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. जिल्हाधिकारी परिषदेबाहेर ठेवला आणि तिच्यासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. आमदार-खासदारांनाही सभागृहात जागा दिली नाही. आपल्याच पक्षाच्या बड्या पुढाऱ्यांना दाराबाहेर ठेवायचे आणि गावाकडच्या नव्या माणसाला खुर्ची द्यायची, याला मनाचा मोठेपणा लागतो.

कोल्हापूरला तर हे आणखी नवे होते. हे संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधी दहा वर्षे माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेने जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढा दिला होता. शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जे राजाने दिले ते पुढे चालवण्याची जबाबदारी 1962 नंतर निवडून आलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांवर आली. आज जिल्ह्यातल्या जवळपास दोन हजार प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या, जनावरांचे दवाखाने, गावोगावचे रस्ते आणि छोटे पाझर तलाव याच परिषदेच्या हाताखाली आहेत.

सदस्य निवडून येतो तो गटातून. एका गटाचे दोन गण, आणि गणातून पंचायत समितीचा सदस्य. 2017 च्या निवडणुकीत 67 गट आणि 134 गण होते. 2011 च्या जनगणनेतली ग्रामीण लोकसंख्या धरली तर एका गटात साधारण 39 हजार माणसे येतात. करवीरला तेव्हा 11 गट होते, गगनबावड्याला दोन. करवीरचा गट म्हणजे शहराला लागून असलेली, एकमेकांत मिसळत चाललेली मोठाली गावे. गगनबावड्याचा गट म्हणजे डोंगरात विखुरलेल्या वाड्या, चार महिने धो धो पाऊस आणि प्रत्येक वाडीला वेगळा रस्ता. लोकसंख्येच्या हिशेबाने दोन सदस्य कमी नाहीत, पण रस्त्याची लांबी आणि ओढ्यावरचे साकव त्या हिशेबात धरले जात नाहीत. म्हणून निधी वाटताना 'सर्वांना समान' ही मागणी आली की डोंगरी तालुक्यांचे सदस्य अस्वस्थ होतात, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे रास्त आहे.

एकाच सभागृहात किती जग बसते पाहा. शिरोळचा सदस्य क्षारपड जमिनीबद्दल आणि पुराबद्दल बोलतो. चंदगडचा काजू आणि हत्तींबद्दल. कागल-हातकणंगल्याचा औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडचा सदस्य धनगरवाड्यांबद्दल, जिथे पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून खाली आणावे लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत आंबेवाडी, प्रयाग चिखलीसारखी गावे पाण्यात गेली. अशा वेळी लोक आधी हाक मारतात ती ओळखीच्या माणसाला, आणि सरपंचाच्या वरचा ओळखीचा माणूस म्हणजे हा सदस्य. छावणीतला स्वयंपाक, जनावरांची वैरण, टँकरचे पाणी ही त्याची कामे म्हणून कुठल्या नियमात लिहिलेली नाहीत. तरी ती त्याच्याच गळ्यात पडतात.

पायरी म्हणूनही या सभागृहाने पुष्कळ दिले आहे. राजू शेट्टी 2002 मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले, 2004 मध्ये आमदार झाले, 2009 मध्ये खासदार. संजय मंडलिक आधी जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, नंतर खासदार. राजकारणाची ओढाताणही इथे कमी नाही. 2017 मध्ये कुणालाच बहुमत नव्हते. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, शिवसेना, जनसुराज्य, स्वाभिमानी आणि तालुक्यांच्या आघाड्या अशी मोट होती. अडीच वर्षांचे अध्यक्षपद शौमिका महाडिक यांना मिळाले. जानेवारी 2020 मध्ये सत्ता फिरली आणि बजरंग पाटील अध्यक्ष झाले, 2021 मध्ये राहुल पाटील. निवडीआधी सदस्यांना सहलीवर नेण्याची रीत सगळ्यांनी पाळली. गोकुळ दूध संघ आणि जिल्हा बँकेचे गटतटही सभागृहात उतरतात. सहलीची ही रीत मला आवडत नाही. मतदाराने ज्याला गावाच्या कामासाठी पाठवले त्याला हॉटेलात कोंडून ठेवणे हा त्या मताचा अपमान आहे.

त्याहून मोठे दुखणे पैशाचे आहे. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्काचा वाटा, गाळ्यांचे भाडे वगैरे. यातून होणाऱ्या स्वनिधीत सदस्याच्या वाट्याला येते ते थोडकेच. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 पासून सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. ग्रामपंचायतींचे त्यात भले झाले हे खरे, पण परिषदेचा सदस्य रिकाम्या हाताने गावात जाऊ लागला. पंधराव्या आयोगात वाटणी 80, 10, 10 झाली: ग्रामपंचायतीला 80 टक्के, पंचायत समितीला 10, जिल्हा परिषदेला 10. रस्त्यांचा तीस-चोपन्न (3054) आणि पन्नास-चोपन्न (5054) या लेखाशीर्षांचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीतून येतो, पंचवीस-पंधरा (2515) या लेखाशीर्षातली कामे आमदारांच्या शिफारशीने होतात. ज्यांना 1962 मध्ये दाराबाहेर ठेवले ते निधीच्या वाटेने आत आले. काही अधिकार गेले ते बरेच झाले. शिक्षकांच्या बदल्या 2017 च्या धोरणाने ऑनलाइन झाल्या, त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्यात चालणारी वशिल्याची धावपळ थांबली. पण पाणंद रस्ता कुठे व्हावा, साकव आधी कुठल्या ओढ्यावर, हे गटाच्या माणसाइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

2012 पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. सुरुवातीला फोन उचलायला यजमान असत, अजूनही पुष्कळ ठिकाणी असतात, हे झाकण्यात अर्थ नाही. पण सभागृहात उभे राहून बोलावे लागते ते सदस्येलाच, तिथे यजमानाला प्रवेश नाही. अंगणवाडीची गळती, आहाराचा दर्जा, शाळेतली मुलींची स्वच्छतागृहे हे विषय पूर्वी आयत्या वेळीसुद्धा येत नसत. आता त्यांवर तासभर चर्चा होते.

मग मार्च 2022 आला. परिषदेची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षण, गटरचना यांवरच्या न्यायालयीन वादात निवडणूक अडकली. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. राज्यघटनेच्या 243 ई कलमात पाच वर्षांहून जास्त मुदत नाही आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे स्पष्ट लिहिलेले असताना तीन वर्षांहून अधिक काळ सभागृह बंद राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. एका गावाने एवढे मोठे पाऊल टाकले, आणि त्यावर बोलायला जिल्ह्याचे सभागृहच नव्हते.

प्रशासकाच्या काळात कामे थांबली असे नाही. फायली हलल्या, बिले निघाली, काही चांगले उपक्रमही झाले. बंद पडले ते विचारणे. अधिकारीच ठराव मांडणार, अधिकारीच मंजूर करणार, आणि अनुपालन मागणारा कुणी नाही. माजी सदस्य अर्ज घेऊन येत राहिले, पण 'माजी' माणसाला उत्तर देण्याचे बंधन कुणावरच नव्हते. निवडून आलेले मंडळ नाही म्हणून वित्त आयोगाचा परिषदेचा आणि पंचायत समित्यांचा वाटाही अडकला. म्हणजे प्रश्न विचारणारा गेला आणि त्याच्यासोबत पैसाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्यायला सांगितले. नव्या रचनेत कोल्हापूरचे गट 68 झाले. दरम्यान आजरा, चंदगड, हातकणंगले ही तालुक्यांची गावे नगरपंचायती होऊन परिषदेच्या बाहेर पडली आहेत, हुपरी नगरपरिषद झाली आहे. राहिली त्यांत बरीचशी खऱ्या अर्थाने लांबची गावे. त्यांच्यासाठी या सभागृहाची गरज आधीपेक्षा जास्त आहे. एवढ्या वर्षांच्या खंडात अनुपालन न झालेल्या ठरावांची यादी करणे आणि ती पहिल्याच सभेत पटलावर ठेवायला लावणे, हे नव्या सदस्यांचे पहिले काम असले पाहिजे. त्या यादीत धनगरवाड्यांचे रस्ते सर्वांत वर हवेत.