एका डब्याची बासष्ट वर्षे

रेल्वेने निघताना आपण गाडीची वेळ आणि आसनक्रमांक पाहतो. डबा कोणत्या आराखड्याचा आहे, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अपघाताच्या क्षणी मात्र प्रवाशांचे प्राण बव्हंशी त्या आराखड्यावरच अवलंबून असतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडील बहुतेक डबे म्हणजे पोलादी तळचौकटीवर उभारलेल्या लाकडी खोल्याच होत. टक्कर झाली की लाकूड दुभंगे, प्रसंगी पेट घेई. यावर उपाय म्हणून १९४९ मध्ये स्वित्झर्लंडमधील श्लीरेन येथील कंपनीशी करार झाला आणि मद्रासच्या पेरांबूर भागात ‘इंटिग्रल कोच फॅक्टरी’ उभी राहिली. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

‘इंटिग्रल’ म्हणजे एकसंध. या डब्यात तळ, भिंती आणि छप्पर वेल्डिंगने एकजीव केलेले असून भार सर्व मिळून पेलतात. टक्कर झाल्यास एक डबा दुसऱ्यात घुसू नये, अशी टोकांची रचना होती. देशभर एकच नमुना झाल्याने सुटे भाग, दुरुस्ती आणि कारागिरांचे प्रशिक्षण यांतही एकसूत्रता आली.

तथापि गाड्यांचा वेग वाढला, तशी या नमुन्याची मर्यादा उघड झाली. स्क्रूच्या जोडणीमुळे मोठ्या अपघातात डबे एकमेकांवर चढत. २००० साली जर्मनीहून एलएचबी डबे आले. त्यांना स्टेनलेस स्टीलची काया, डिस्क ब्रेक आणि डबे एकमेकांवर चढू न देणारी मध्यवर्ती जोडणी होती. कपूरथळा येथे त्यांचे उत्पादनही सुरू झाले. परंतु जुने डबे बनतच राहिले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ मध्ये केवळ एलएचबी डबेच बनवावेत, अशी शिफारस केली. पेरांबूरमधून जुन्या नमुन्याचा शेवटचा डबा बाहेर पडला तो जानेवारी २०१८ मध्ये.

ज्या प्रमाणित नमुन्याने असंख्य प्रवाशांना लाकडी डब्यांच्या धोक्यातून सोडविले, तोच पुढे बदलास जड झाला. यंत्रसामग्री, सुटे भाग, सवयी असे सारे काही त्याच्याभोवती जुळलेले होते. प्रमाण ठरविणे हे शहाणपणाचे खरे; पण ते केव्हा बदलावे हे वेळीच ओळखणे अधिक शहाणपणाचे. तेथील विलंबाची किंमत हिशेबाच्या वहीत दिसत नाही. ती प्रवाशांना मोजावी लागते.