कोलंबियातील बाबासाहेब

ज्या विद्यापीठाचा कारभार सरकारऐवजी स्वतंत्र विश्वस्त मंडळ पाहते आणि जिथे अध्यापनाइतकेच नव्या ज्ञानाच्या निर्मितीला महत्त्व असते, त्याला खासगी संशोधन विद्यापीठ म्हणतात. न्यूयॉर्कमधील, १७५४ साली स्थापन झालेले कोलंबिया विद्यापीठ हे त्याचे ठळक उदाहरण होय. अलेक्झांडर हॅमिल्टन, बराक ओबामा हे त्याचे विद्यार्थी जगाला परिचित आहेत. मराठी वाचकाला मात्र त्यांहून जवळचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये तेथे पोहोचलेल्या आंबेडकरांना तत्त्वज्ञ जॉन ड्यूई आणि अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, म्हणजे निबंध वाचून त्यावर चर्चा करायची अशा वर्गात, त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीतच लग्न करण्याचे बंधन, अर्थात अंतर्विवाह, हा जातिसंस्थेचा गाभा असून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा ते बंधन टिकवण्यासाठीच रूढ झाल्या, ही मांडणी पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने करावी, हे आजही थक्क करणारे आहे. पुढे प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधासाठी १९२७ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली आणि १९५२ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.