संगणकाची पदवी घरबसल्या : घाई किती, खर्च किती आणि खात्री किती?

कापड बाजारात भावाच्या गप्पा संपल्या की हल्ली दुसरा विषय हमखास निघतो, तो मुलांच्या शिक्षणाचा. मुलगा बारावी झाला आहे, त्याला कॉम्प्युटरची डिग्री करायची आहे, पण पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला ठेवण्याची ऐपत नाही आणि दुकानावरही माणूस हवा आहे. मुलगी हुशार आहे, पण अंबड, परतूर किंवा भोकरदनहून रोज ये-जा करणे जमत नाही. अशा घरांना ऑनलाइन पदवीचा मार्ग सोयीचा वाटतो आणि तो खरोखर सोयीचा आहेही. मात्र याच बाजारात असे दलालही फिरतात जे 'सहा महिन्यांत डिग्री' म्हणून पैसे घेतात आणि हाती निव्वळ कागद ठेवतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे, हे आम्ही आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंसमोर मांडत आहोत.

आधी गरज ओळखा

गिऱ्हाईक दुकानात आले की आपण प्रथम विचारतो, कापड कशासाठी हवे? शेरवानीचे कापड वेगळे आणि रोजच्या वापराचे वेगळे. शिक्षणाचेही तसेच आहे.

मुलाला दुकानच सांभाळायचे असेल तर त्याला तीन वर्षांच्या पदवीची लगेच गरज नाही. जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हापासून बिल, विवरणपत्र आणि साठ्याचा हिशेब संगणकाशिवाय होत नाही. त्यासाठी टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन विक्रीची माहिती पुरते व ती काही महिन्यांत शिकता येते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा छोटा कोर्स आपल्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावीही चालतो. सरकारी नोकरीच्या अनेक पदांसाठी त्याचे प्रमाणपत्र मागितले जाते.

ज्याला संगणकाच्या क्षेत्रातच नोकरी करायची आहे, पुढे एमसीए करायचे आहे किंवा पदवीधरांच्या स्पर्धा परीक्षांना बसायचे आहे, त्याला मात्र पदवी हवी. त्याने बीसीए किंवा संगणकशास्त्राची बी.एस्सी. यांचा विचार करावा. जो आधीच बी.ए. किंवा बी.कॉम. आहे त्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी करण्यापेक्षा एक वर्षाचा पीजीडीसीए किंवा दोन वर्षांचा एमसीए पाहावा. एमसीएच्या प्रवेशाला बहुतेक ठिकाणी बारावी किंवा पदवीला गणित असण्याची अट असते. ती फॉर्म भरण्याआधी वाचावी, नंतर नव्हे.

लवकर म्हणजे किती लवकर?

तीन वर्षांची पदवी सहा महिन्यांत किंवा एका वर्षात कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठातून मिळत नाही. यूजीसीने २०२४ च्या अखेरीस हुशार विद्यार्थ्यांसाठी पदवी लवकर पूर्ण करण्याची तरतूद मान्य केली, तीही तीन वर्षांच्या पदवीत केवळ एका सत्राची, म्हणजे सहा सत्रांऐवजी पाच. कायदा एवढीच घाई मान्य करतो. यापेक्षा जास्त घाई कोणी विकत असेल किंवा मागच्या तारखेचा प्रवेश दाखवून देतो म्हणत असेल, तर तो सौदा तिथेच मोडावा.

वेळ वाचवण्याचे सरळ मार्ग वेगळे आहेत. पहिला मार्ग असा की यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करण्यास परवानगी दिली. त्यामुळे जालन्याच्या कॉलेजात नियमित बी.कॉम. करणारा मुलगा सोबत ऑनलाइन बीसीएही करू शकतो. दुसरा मार्ग, पदवी चालू असतानाच एखादे मान्य प्रमाणपत्र हाती घेणे. केंद्र सरकारची डोएक योजना १९९० मध्ये सुरू झाली. ती चालवणारी संस्था २०११ पासून नायलिट या नावाने ओळखली जाते व तिचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. तिच्या 'ओ लेव्हल' परीक्षेला कोणत्याही क्लासमध्ये नाव न घालता स्वतः अभ्यास करूनही बसता येते. चार विषय आहेत, त्यात वेब डिझायनिंग आणि पायथन ही संगणकाची भाषा येते. ही पदवी नव्हे, पण पदवीची वाट पाहत असताना कामाला लागण्याइतके हुनर त्यात मिळते.

स्वस्त म्हणजे काय?

फीचा आकडा ऐकून निर्णय घेणे म्हणजे थानाचा भाव ऐकून पन्ना न पाहता माल उचलणे आहे. नोंदणी, परीक्षा, नापास झाल्यास पुन्हा परीक्षा, पदवी प्रमाणपत्र, लॅपटॉप, इंटरनेट आणि परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास या सर्वांची बेरीज करून मग भाव ठरवावा. संपूर्ण फी लेखी मागावी. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच भरावेत आणि पावती विद्यापीठाच्याच नावाची घ्यावी.

सरकारी संस्थांकडे पाहिले तर स्वस्तात चांगला माल मिळतो. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झाले. त्याची बीसीए किमान तीन वर्षांत आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येते. ईदच्या आणि लग्नसराईच्या हंगामात दुकानावर जास्त वेळ द्यावा लागणाऱ्या मुलाला ही सवलत फार मोलाची आहे. आपल्या राज्याचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ मध्ये स्थापन झाले. नोकरी-धंदा करून शिकणाऱ्या हजारो लोकांनी त्यातून पदव्या घेतल्या आहेत. त्याच्या संगणक अभ्यासक्रमांची यादी आणि फी त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात पाहावी.

ज्याचे गणित चांगले आहे त्याने आयआयटी मद्रासचा विचार जरूर करावा. या संस्थेने २०२० मध्ये प्रोग्रॅमिंग व डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला जेईई लागत नाही. चार आठवडे शिकवून मग पात्रता परीक्षा घेतात. पहिल्या टप्प्यात ८ विषय आहेत, नंतर डिप्लोमा, मग बी.एस्सी. आणि शेवटी चार वर्षांची बी.एस. जिथे थांबाल तिथले प्रमाणपत्र हाती येते. शिकणे घरून, पण परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. पूर्ण चार वर्षांची फी तीन लाखांहून अधिक आहे. मात्र ती विषयागणिक भरायची असते आणि कुटुंबाच्या उत्पन्नानुसार सवलत मिळते. त्यामुळे उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा.

फी टप्प्याटप्प्याने भरण्याचा दुसराही फायदा आहे. आपल्यातले अनेक जण व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात आणि म्हणून मोठ्या फीच्या कॉलेजकडे वळत नाहीत. एकेका सत्राची फी दुकानाच्या कमाईतून निघत असेल तर कर्जाचा प्रश्नच उरत नाही. आणि मुलाचे मन लागते की नाही याचीच शंका असेल, तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर एखादा विषय आधी शिकून पाहावा. तिथे शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी लागते.

किनारीवरचा शिक्का तपासा

जाणकार व्यापारी थानाच्या किनारीवर मिलचे नाव पाहतो. पदवीच्या बाबतीत तो शिक्का यूजीसीचा. १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार कायद्याने स्थापन झालेले किंवा अभिमत दर्जा मिळालेले विद्यापीठ, अथवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था, यांनाच पदवी देता येते. नावात 'युनिव्हर्सिटी' असणे पुरेसे नाही. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते. त्या यादीत आपल्या महाराष्ट्रातले नागपूरच्या राजा अरेबिक युनिव्हर्सिटीचे नाव वर्षानुवर्षे छापले गेले आहे. नाव आपल्या ओळखीचे वाटले म्हणून विश्वास टाकू नये, हा त्यातला धडा.

विद्यापीठ खरे असले तरी तोच अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवण्याची वेगळी परवानगी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाकडून लागते. ती कोणत्या वर्षासाठी आहे हे त्या विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. अशा मान्य पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. २०२४ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला त्या विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःचा डीईबी क्रमांक काढावा लागतो. जो दलाल 'क्रमांकाची गरज नाही' म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे. विद्यापीठांना फ्रँचायझी देऊन पदव्या चालवण्यास मनाई आहे, हेही लक्षात असावे.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन किंवा पत्रद्वारे मान्य नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेशिवाय पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली आणि त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द केल्या. त्याआधी फेब्रुवारी २००५ मध्ये छत्तीसगडच्या कायद्याखाली निघालेली शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे याच न्यायालयाने रद्दबातल ठरवली होती. दोन्ही वेळा फी भरलेल्या मुलांच्या वर्षांचे नुकसान झाले. कच्च्या रंगाचे कापड पहिल्या धुण्यात कळते, कच्ची पदवी नोकरीला लागल्यावर दहा वर्षांनीही कळू शकते.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी

आम्ही स्वतः उर्दू माध्यमातून शिकलो, म्हणून ही गोष्ट अधिकाराने सांगतो. उर्दू शाळेतल्या मुलाची अक्कल कमी नसते, इंग्रजी वाचण्याची सवय कमी असते. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने गणित, विज्ञान आणि वैद्यकही उर्दूतून शिकवले. भाषा आडवी येत नाही हे तेव्हाच सिद्ध झाले आहे. आज राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा संगणक, हिशेब आणि बहुभाषिक डीटीपीचा एक वर्षाचा डिप्लोमा उर्दू जाणणाऱ्या मुलांसाठी आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले हैदराबादचे मौलाना आझाद नॅशनल उर्दू विद्यापीठ उर्दू माध्यमातून संगणकाचे पॉलिटेक्निकही चालवते, पण तिथे जाऊन राहावे लागते. घरी राहून ऑनलाइन पदवी करायची असेल तर बारावीनंतरच्या सुट्टीत तीन महिने रोज एक तास इंग्रजी तांत्रिक मजकूर वाचण्याचा सराव करावा. पहिल्या सत्रात नापास होण्याचे प्रमाण यानेच कमी होईल.

घरच्यांची जबाबदारी

ऑनलाइन पदवीत मास्तर समोर नसतो, हजेरी घेणारे कोणी नसते. आम्ही पाहतो की मुलगा मोबाईलवर धडा लावून गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाईक येते, धडा पुढे जातो आणि डोक्यात काही राहत नाही. ज्या बापाने फी भरली त्याने रोजचे दोन तासही द्यावेत. त्या वेळेत त्याला दुकानावर बोलावू नये. मुलीच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. घरकामातून उरलेल्या वेळात संगणक शिकता येत नाही. तिला ठरलेली वेळ, स्वतःचा लॅपटॉप आणि परीक्षेला सोबत जाणारा माणूस हवा. पदवी हाती आली की ती घरी बसूनही कमावू शकते आणि गरज पडल्यास घर उचलूनही धरू शकते.

थोडक्यात, गरज ठरवा, मान्यता तपासा, पूर्ण खर्च लिहून काढा आणि मगच पैसे भरा. पदवीला तीन वर्षे लागतात, ती लागू द्यावीत. आपल्या बापजाद्यांनी एकेका थानावर नफा मिळवून पेढ्या उभ्या केल्या. मुलांचे शिक्षणही एकेक सत्र असेच उभे राहते.