धडकेचा हिशेब

३१ जानेवारी २०१४ या दिवशी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल जाहीर केले. अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. प्रत्येकीचं एअरबॅग नसलेलं, सगळ्यांत स्वस्त मॉडेल जर्मनीत लान्ड्सबर्गच्या चाचणी केंद्रात ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवलं होतं. मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना पाचपैकी मिळालेले तारे शून्य. आदल्या वर्षी देशात विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या पाच मॉडेलांचा होता. म्हणजे हे निकाल कुठल्या तरी आडवळणाच्या गाडीचे नव्हते, आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे होते.

कंपन्यांचं म्हणणं असं पडलं की आमच्या गाड्या भारतातल्या सर्व नियमांत बसतात. ते खरं होतं आणि तेच भयंकर होतं. गाडी समोरून धडकवून आतल्या माणसाचं काय होतं ते तपासायची सक्ती तेव्हा आपल्या कायद्यात नव्हतीच. अमेरिकेने १९७९ पासून आणि युरोपने १९९७ पासून असे निकाल सामान्य ग्राहकापुढे ठेवले होते. आपल्याकडे मात्र शोरूममध्ये पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच असायचा. आज त्या दिवसाकडे पाहताना वाटतं, बदलाची सुरुवात कायद्याने झाली नाही, एअरबॅगनेही झाली नाही. आकडे उघड झाले, तिथून ती झाली.

हे आकडे येतात कुठून, ते नीट समजून घ्यायला हवं. धडकेत माणसाला काय इजा होईल हे सांगायचं तर आधी माणसाचं शरीर किती सोसतं हे माहीत असावं लागतं, आणि ते ज्ञान माणसांनी स्वतःच्या देहावर मिळवलेलं आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात रुळांवरच्या रॉकेटगाडीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून बसले. ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेग गाठून ती गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली. त्यांच्या शरीराने गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट बल सोसलं, आणि ते जगले. नीट बांधलेला माणूस किती सोसू शकतो, हे त्यातून कळलं. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात संशोधकांनी मृतदेहांवर प्रयोग करून कवटी किती आघाताला तडकते, बरगड्या किती दाबाला मोडतात, याच्या नोंदी घेतल्या. तिथले प्राध्यापक लॉरेन्स पॅट्रिक शेकडो वेळा स्वतः चाचणीच्या घसरगाडीत बसले. आज चाचणीत माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या, म्हणजे डमीच्या, छातीतला सेन्सर एक आकडा दाखवतो तेव्हा त्या आकड्याचा अर्थ या लोकांनी लावून ठेवलेला असतो.

जनरल मोटर्सने १९७६ मध्ये तयार केलेली ‘हायब्रिड थ्री’ ही डमी समोरच्या धडकेसाठी अजूनही जगभर वापरात आहे. उंची साधारण १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. डोक्यात वेगातला बदल टिपणारी यंत्रं, मानेत आणि मांडीत बल मोजणारे सेन्सर, छातीत बरगड्या किती मिलिमीटर आत दबल्या ते नोंदवणारी पट्टी. चेहऱ्याला रंग फासतात, म्हणजे डोकं नेमकं कुठे आपटलं त्याचा डाग राहतो. धडक सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागात संपते, म्हणून सेकंदाला हजार चित्रं टिपणारे कॅमेरे लावलेले असतात. डोक्याच्या आघाताचा एक निर्देशांक काढतात, त्याला एचआयसी म्हणतात. तो १००० वर गेला तर साधारण सहांपैकी एकाला डोक्याची जिवावर बेतणारी इजा होईल असं धरलं जातं. निकालपत्रावरच्या माणसाच्या आकृतीत एखादा अवयव हिरवा, पिवळा किंवा लाल दिसतो तो याच हिशेबाने. तारे ही सगळ्या हिशेबाची शेवटची बेरीज. माझ्या मते वाचकाने ताऱ्यांआधी ती आकृती पाहावी. छाती लाल असली की बाकीचं वाचण्याची फारशी गरज उरत नाही.

ताशी ६४ हा वेग काहींना किरकोळ वाटतो. पाचव्या मजल्यावरून खाली पडणारा माणूस जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग साधारण एवढाच असतो. गाडीचा पुढचा ४० टक्के भाग चुरगळू शकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या अडथळ्यावर आपटतात, कारण समोरून येणाऱ्या गाडीला आपण बहुधा अर्धवटच धडकतो. सगळा मार एका बाजूच्या सांगाड्यावर येतो. पुढे आपल्या कायद्यात जी चाचणी आली ती ताशी ५६ किलोमीटरची. फरक आठचाच, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६४ च्या धडकेत ती जवळजवळ ३० टक्क्यांनी जास्त असते.

२०१४ च्या निकालात शून्य ताऱ्यांपेक्षाही महत्त्वाची एक ओळ होती. पोलो आणि फिगो यांचा सांगाडा टिकला होता. अल्टो, नॅनो आणि आय-१० यांचा कोलमडला होता. चाकण कारखान्यातून निघणाऱ्या पोलोचं बिनएअरबॅगचं मॉडेल कंपनीने लगेच बंद केलं, आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. ज्या गाडीचा सांगाडाच बसतो तिथे मात्र एअरबॅग लावून फारसं साधत नाही, कारण माणसाला जगायला लागणारी जागाच उरत नाही. मे २०१६ मध्ये क्विड या गाडीने हे दाखवून दिलं. एअरबॅग असलेल्या मॉडेललाही शून्यच मिळालं. त्याच क्विडचा सांगाडा ब्राझीलसाठी मजबूत केला गेला आणि तिथे तिला तीन तारे मिळाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्या स्विफ्टला शून्य मिळालं तेव्हा युरोपातल्या स्विफ्टमध्ये एअरबॅग मूळ किमतीतच येत होत्या. हे ज्या दिवशी वाचलं त्या दिवशीचा संताप आजही कमी झालेला नाही. ब्राझीलच्या किंवा जर्मनीच्या माणसाच्या बरगड्या आपल्यापेक्षा जास्त मोलाच्या कशा?

आपल्याकडे गाडीची मजबुती पाहण्याची एक जुनी रीत आहे: बॉनेटवर बोटं वाजवायची, दार धाडकन लावून आवाज ऐकायचा आणि ‘पत्रा चांगला आहे’ म्हणायचं. अपघातानंतर गाडीचं नाक चेपलेलं दिसलं की लोक म्हणतात, हल्लीच्या गाड्या कागदाच्या. खरी गोष्ट उलट आहे. नाक चेपायलाच हवं. बेला बॅरेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं: पुढचा-मागचा भाग चुरगळून ऊर्जा गिळेल, मधली खोली मात्र अभंग राहील. अमेरिकेतल्या आयआयएचएस संस्थेने २००९ मध्ये आपल्या पन्नाशीनिमित्त १९५९ ची जाड पत्र्याची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर धडकवली. जुन्या गाडीत चालकाची जागा चिरडली गेली. नव्या गाडीचं नाक पार गेलं, पण चालकाची खोली शाबूत राहिली. पत्र्याच्या जाडीवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने ती चित्रफीत एकदा पाहावी.

खोली शाबूत राहिली तरी आतला माणूस बांधलेला हवा. त्या २०१४ सालीच, ३ जूनला, केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झालेले गोपीनाथ मुंडे दिल्लीत अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते. मागचा पट्टा लावला असता तर ते वाचू शकले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं. महाराष्ट्र हळहळला, पण मागच्या सीटवरचे पट्टे सीटच्या फटीतच राहिले.

कायदा सावकाश आला. समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, शेजारच्याची सर्व गाड्यांत २०२२ उजाडताना. सहा एअरबॅगची सक्ती २०२२ मध्ये मसुद्यापर्यंत आली, वर्षभर पुढे ढकलली गेली आणि २०२३ मध्ये सोडून दिली गेली. मला तो निर्णय चुकीचा वाटतो.

बाजार मात्र कायद्याच्या पुढे धावला. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला ऑगस्ट २०१८ मध्ये चार तारे मिळाले होते. कंपनीने सुधारणा करून गाडी पुन्हा चाचणीला दिली आणि डिसेंबरमध्ये तिला पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे पहिल्यांदाच मिळत होते. मग जाहिरातींत तारे झळकू लागले. २०१६ मध्ये शून्य मिळवणाऱ्या स्कॉर्पिओचा नवा अवतार स्कॉर्पिओ-एन, त्याने डिसेंबर २०२२ मध्ये पाच तारे घेतले. ‘भारतीय ग्राहक सुरक्षेसाठी पैसे मोजत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकवलं जात होतं. युरोपातही १९९७ मध्ये कंपन्या म्हणाल्या होत्या की चार तारे कुठल्याच गाडीला मिळणार नाहीत, आणि त्याच वर्षी व्होल्व्हो एस-४० ने ते मिळवले. अशक्य आणि न परवडणारं, हे दोन्ही शब्द आकडे छापून येईपर्यंतच टिकतात.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, नामांकित. पुढच्या सीटवरचे दोघे जखमी होऊन वाचले. मागचे दोघे गेले. त्यांनी पट्टे लावले नव्हते, असं तपासात सांगितलं गेलं. इथे क्रॅश टेस्टची एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. चाचणीतली प्रत्येक डमी पट्ट्याने बांधलेली असते. पाच तारे मिळतात ते पट्टा लावलेल्या माणसाला. शिवाय आपल्याकडच्या ६४ किलोमीटरच्या चाचणीत मागे बसतात त्या लहान मुलांच्या डमी, चाइल्ड सीटमध्ये. मागे बसलेल्या मोठ्या माणसाचं काय होतं ते तिथे मोजलंच जात नाही. युरोपने ही मोजणी २०१५ मध्ये सुरू केली, अमेरिकेच्या आयआयएचएसने २०२२ च्या अखेरीस. ज्या देशात ‘साहेब’ नेहमी मागे बसतात, आजी-आजोबा मागे बसतात, तिथे ही मोजणी सर्वांत आधी यायला हवी होती.

मुलांनाही बांधून बसवणं तितकंच गरजेचं. मांडीवरच्या दहा किलोच्या बाळाला ताशी ५० च्या धडकेत धरून ठेवायला साधारण १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याही आईच्या हातात ती नसते.

आणि बायका? समोरच्या सीटवरची डमी पुरुषाच्या मापाची. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं की समोरच्या धडकेत पट्टा लावलेल्या स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त असते. ‘स्त्री डमी’ म्हणून वापरली जाणारी डमी दीड मीटर उंचीची, म्हणजे बऱ्याच अंशी पुरुष-डमी लहान करून बनवलेली. सर्वसाधारण स्त्रीच्या शरीराची डमी स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या चमूने २०२२ मध्ये पुढे आणली. पन्नास वर्षं अर्धी माणसं मापाबाहेर होती.

भारताची स्वतःची योजना, भारत एनकॅप, २२ ऑगस्ट २०२३ ला जाहीर झाली आणि १ ऑक्टोबरपासून सुरू झाली. तिचं कामकाज पुण्याच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट (सीआयआरटी) या संस्थेकडे आहे. डिसेंबरमध्ये पहिले निकाल आले, हॅरियर आणि सफारी, दोघींना पाच तारे. ही योजना आपली आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिची मूळ रचना ऐच्छिक आहे: कंपनीने आपणहून गाडी पुढे करायची. २०१४ मध्ये खळबळ उडाली ती कुणाची परवानगी न घेता गाड्या निवडल्या म्हणून. सरकारला स्वतः गाडी निवडून चाचणी करण्याची सोय भारत एनकॅपच्या नियमांत आहे. सर्वाधिक खपाच्या पण कधीच चाचणीला न आलेल्या गाड्यांवर ती वापरली गेली, तरच या योजनेला धार येईल.

गाडीबाहेरच्या माणसाचा हिशेब तर अजून बाकीच आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती आणि सुमारे १९ टक्के पायी चालणारी. पादचाऱ्याला बॉनेटची धडक किती लागते हे युरोपच्या योजनेत पहिल्या वर्षापासून मोजलं जातं. आपल्याकडे त्यासाठी किमान नियम आहे, पण भारत एनकॅपच्या ताऱ्यांच्या गुणांत पादचाऱ्याला वाटा मिळालेला नाही. तो मिळावा, ही मागणी आता जोरात व्हायला हवी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या डिझायरने ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवले. स्विफ्टच्या शून्याला तेव्हा बरोबर दहा वर्षं झाली होती. तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा निकाल नेमका कुठल्या साली, कुठल्या व्हेरिएंटवर आणि किती एअरबॅगसह मिळाला, ते विक्रेत्याला विचारा आणि निकालपत्र दाखवायला सांगा. आणि आज संध्याकाळी तुमच्या आहे त्या गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत अडकलेले पट्टे बाहेर काढून घरातल्या प्रत्येकाला ते लावायला लावा.